नवख्रिस्ती बांधवांचीं पहिलीं पावलें

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त शिराळा भागांतील बंधुभगिनींपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीचा दिवस हा उपकारस्तुतीचा दिवस होय. ह्या दिवशीं मागें वळून पाहावें, ज्यांनीं आम्हांस श्रद्धेचें दान पोंचविलें त्यांचें स्मरण करावें आणि देवाचे आभार मानावे, हें योग्यच आहे. परंतु ज्युबिलीचा मूळ अर्थ केवळ आनंदोत्सव असा नाहीं. जुन्या करारांतील लेवीयाच्या पुस्तकांत दर पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकून हें वर्ष पाळण्याची आज्ञा आहे. त्या वर्षीं हातची गेलेली जमीन मूळ धन्यास परत मिळे, आणि दारिद्र्यामुळें दुसऱ्याचा चाकर झालेला मनुष्य आपल्या घरीं परत जाई. ज्युबिली म्हणजे नव्यानें आरंभ करण्याची संधि. म्हणून ज्यांचा आरंभ नुकताच झाला आहे, किंवा अद्याप व्हावयाचा आहे, अशा आमच्या बंधुभगिनींच्या पहिल्या पावलांविषयीं आज चार शब्द बोलावे, असें आम्हीं ठरविलें आहे.

आमचे श्रोते बहुतेक शेतकरी आहेत. तेव्हां त्यांच्याच शेतापासून आरंभ करूं. शिराळ्याचा शेतकरी रोहिणी नक्षत्राच्या सुमारास भाताची धूळवाफ पेरणी करितो. आभाळांत ढग नसतो, जमिनींत ओल नसते. तरी तो कुरी धरतो आणि कोरड्या धुळींत बी सोडतो. मग तो पावसाची वाट पाहतो. पाऊस येतो, रोप वर येतें. परंतु त्याच पावसानें तणही वर येतें, आणि मग कोळपणी व भांगलण सुरू होते. बी मातींत गेलें म्हणजे पीक घरांत आलें, असें ह्या तालुक्यांतील लहान मूलही म्हणणार नाहीं. श्रद्धेचेंही असेंच आहे. ज्यास ख्रिस्ताची ओढ लागली, पण ज्याचा बाप्तिस्मा अद्याप झाला नाहीं, तो धुळींत पेरलेल्या बियासारखा आहे. बाप्तिस्म्याचें पाणी हा त्याचा पाऊस. आणि पाऊस पडला म्हणून कोणी शेतकरी घरीं झोंपून राहत नाहीं.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष एका साध्या प्रश्नानें वेधलें. कांहीं वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका गांवीं रविवारची मिस्सा सुरू होण्याआधीं एक बाई देवळाच्या दाराशीं उभी होती. तिचा बाप्तिस्मा मागच्याच ईस्टरला झाला होता. आम्हीं तिला आंत जाण्यास सांगितलें, तेव्हां ती हळूच म्हणाली, “फादर, आम्ही कुठं बसायचं?” आम्हीं आंत पाहिलें. बांकें मोकळीं होतीं. परंतु कोणतें बांक कोणत्या घराण्याचें, हें साऱ्यांना ठाऊक होतें. त्या बाईलाही तें कळून चुकलें होतें. आम्हीं तिच्याकडून धर्मशिक्षणाचीं सारीं उत्तरें पाठ करून घेतलीं होतीं. बसावयास जागा मात्र कोणी दिली नव्हती. ही चूक तिची नव्हती, आमची होती. आजचें हें बोलणें म्हणजे त्या प्रश्नाचें आम्हीं उशिरां दिलेलें उत्तर आहे, असें समजावें.

पहिलें पाऊल म्हणजे घाई न करणें. हें ऐकून कांहींना नवल वाटेल. परंतु पवित्र ख्रिस्तसभेची ही फार जुनी रीति आहे. संत हिप्पोलितस ह्यांच्या नांवावर चालत आलेल्या एका प्राचीन ग्रंथांत दीक्षार्थ्यानें साधारणतः तीन वर्षें धर्मवचन ऐकावें, असें सांगितलें आहे. बाप्तिस्म्यापूर्वीं त्यानें विधवांचा मान राखला काय, आजाऱ्यांस भेट दिली काय, ह्याची चौकशी करावी, असेंही त्यांत आहे. संत आगस्तीन लहानपणींच दीक्षार्थी म्हणून गणले गेले होते; परंतु त्यांचा बाप्तिस्मा इ. स. ३८७ मध्यें, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, मिलान येथें झाला. मधला सारा काळ त्यांच्या आईनें, संत मोनिकेनें, अश्रूंनीं शिंपला.

पुढें लहान मुलांचे बाप्तिस्मे हीच नेहमींची रीति झाली आणि प्रौढांची ही लांबची वाट पुष्कळ ठिकाणीं बुजून गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ मध्यें ती पुन्हां खुली करण्याचें ठरविलें, आणि १९७२ मध्यें प्रौढांच्या दीक्षेचा नवा विधि रोम येथें प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें दीक्षार्थ्याचें स्वागत प्रथम देवळाच्या दाराशीं होतें. पुढें उपवासकाळाच्या पहिल्या रविवारीं त्याची निवड होते. तिसऱ्या, चौथ्या आणि पांचव्या रविवारीं आत्मपरीक्षणाचे विधि होतात. आणि ईस्टरच्या पूर्वरात्रीं बाप्तिस्मा, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार त्यास मिळतात. त्यानंतरचे पन्नास दिवस मिळालेल्या दानाचा अर्थ समजून घेण्याचे असतात. म्हणजे पावसानंतरची भांगलणही विधींतच सांगितली आहे!

घाई करूं नये, ह्याचें आणखीही एक कारण आहे. नवख्रिस्ती मनुष्यास एक टोमणा हमखास ऐकावा लागतो: “भाकरीसाठीं गेला.” हा टोमणा जुना आहे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत अहमदनगर जिल्ह्यांत मिशनच्या दाराशीं भुकेलीं माणसें आलीं, आणि त्यांच्यापैकीं कित्येक पुढें ख्रिस्ती झालीं. भुकेल्यास अन्न देणें हा गुन्हा नव्हे, आणि अन्न देणाऱ्याविषयीं जिव्हाळा वाटणें हेंही पाप नव्हे. परंतु धान्य एका हंगामांत संपतें. नंतर त्या लोकांना धरून ठेविलें तें शिकवणीनें. गांवोगांवच्या लहान शाळांतून मास्तरांनीं त्यांच्या मुलांस अक्षर आणि प्रार्थना बरोबरच शिकविल्या. फादर हेन्री डोरिंग ह्या जर्मन जेज्वीट धर्मगुरूंनीं १९०३ मध्यें नगर जिल्ह्यांतील केंदळ येथून ‘निरोप्या’ हें मासिक सुरू केलें, तें ह्याच नव्या लोकांच्या हातीं त्यांच्या स्वतःच्या भाषेंत कांहीं वाचावयास असावें म्हणून. पुढें १९०७ मध्यें ते पुण्याचे महागुरु झाले. भाकरीनें मनुष्य दारापर्यंत येतो. शिकवणीनेंच तो घरांत राहतो, हें त्यांनीं ओळखिलें होतें.

आजचा प्रकार तर पुष्कळदां उलट आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशान्वयें अनुसूचित जातींतील जो मनुष्य ख्रिस्ती होतो, त्यास त्या जातींच्या सवलती राहत नाहींत. म्हणजे कित्येकांना ख्रिस्ताकडे येतांना भाकर मिळत नाहीं, असलेली सोडावी लागते. अशा मनुष्यास आधीं सारें स्पष्ट सांगणें हें आमचें कर्तव्य आहे. जबरदस्तीनें, लालूच दाखवून किंवा फसवून कोणास श्रद्धेंत आणूं नये, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ मध्यें स्पष्ट शब्दांत बजाविलें आहे. आणि आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें सदसद्विवेकाचें स्वातंत्र्य साऱ्यांस सारखेंच दिलें आहे. जो मोकळ्या मनानें येतो, तोच मोकळ्या मनानें राहतो. म्हणून दीक्षार्थी बंधूनो, कोणी तुम्हांस घाई करील तर थांबा. आणि तुमचें मन द्विधा असेल तर तें लाजूं नका, धर्मगुरूंस सांगा.

दुसरें पाऊल म्हणजे प्रार्थना, आणि ती आपल्या भाषेंत. प्रथम क्रूसाची खूण शिकावी. ती लहान आहे; परंतु तींत त्रैक्याचें नांव आणि प्रभूच्या मरणाची आठवण हीं दोन्ही आहेत. पहांटे उठतांना, जेवतांना, शेताच्या बांधावर पाऊल ठेवितांना ती करावी. मग प्रभूनें आपल्या शिष्यांस शिकविलेली प्रार्थना घ्यावी. ती नीट म्हणून पाहा: तींत ‘माझें’ म्हणून कांहींच नाहीं. आरंभापासून शेवटापर्यंत तींत सारें ‘आमचें’ आणि ‘आम्हांस’ असेंच आहे. घरांतल्या कोपऱ्यांत एकटाच बसून जो ती म्हणतो, तोही साऱ्या मंडळीच्या वतीनें बोलत असतो. नवख्रिस्ती मनुष्य पुष्कळदां आपल्या घरांत एकटाच ख्रिस्ती असतो. त्यानें ही गोष्ट विशेष ध्यानांत धरावी; तो एकटा नाहीं.

भाषेविषयीं आम्ही मुद्दाम बोलतों. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले जेज्वीट धर्मगुरु १५७९ मध्यें गोव्यांत आले आणि साष्टींतील नवख्रिस्ती लोकांमध्यें त्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें घालविलीं. त्या काळीं गोव्यांत पोर्तुगीज सत्तेनें धर्माच्या कामीं बळ आणि आमिष हीं दोन्ही वापरलीं, हें कबूल करावयास आम्हांस संकोच वाटूं नये. परंतु फादर स्टीफन्स ह्यांनीं जी वाट धरली ती निराळी होती. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ह्या लोकांचीं पुराणें सुटलीं, पण पुराण ऐकण्याची त्यांची आवड सुटली नाहीं. आणि ती सुटावी असेंही कांहीं कारण नाहीं. म्हणून त्यांनीं मराठी ओंव्यांत दहा हजारांहून अधिक ओंव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें. तें १६१६ मध्यें राशोल येथें छापून निघालें आणि देवळांतून वाचलें जाऊं लागलें. परदेशांतून आलेल्या मनुष्यानें आमच्या ओंवीस ख्रिस्ताच्या सेवेंत लाविलें. मग आम्ही घरच्या माणसांनीं उसन्या शब्दांत प्रार्थना कां करावी? ज्या भाषेंत आईनें आपणांस हांक मारिली, त्याच भाषेंत देवास हांक मारावी.

तिसरें पाऊल म्हणजे रविवार पाळणें. मजुरीवर पोट असलेल्या मनुष्यास हें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. लावणीचे किंवा सुगीचे दिवस असले म्हणजे मुकादम रविवार विचारीत नाहीं. देऊळही पुष्कळांना लांब पडतें, एस. टी. वेळेवर मिळेलच असें नाहीं. तरीही रविवार सोडूं नये. इ. स. ३०४ मध्यें उत्तर आफ्रिकेंतील अबितिना गांवचीं एकूणपन्नास माणसें, बादशहाची बंदी असतां, रविवारच्या उपासनेस जमलीं म्हणून पकडलीं गेलीं. उपासनेवांचून आम्ही जगूंच शकत नाहीं, असाच त्यांच्या जबानीचा भाव होता. आणि त्यासाठीं त्यांनीं प्राण दिले. आमच्याकडून देव प्राण मागत नाहीं. एक तास मागतो. मिस्सेस जाणें खरोखरच अशक्य झालें, तर त्या दिवशीं घरीं चार माणसांनीं एकत्र बसावें, त्या रविवारचें शुभवर्तमान वाचावें, जपमाळेचें एक दशक म्हणावें. ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्या घरीं शाळेंत जाणारें मूल असतें. त्यानें वाचावें आणि थोरांनीं ऐकावें. त्यामुळें वाट मोडत नाहीं. पाऊलवाटही चार दिवस कोणी चाललें नाहीं म्हणजे गवतानें बुजते, हें तुम्हांस सांगावयास नको.

चौथें पाऊल पंगतींत पडतें. ख्रिस्तप्रसादाच्या मेजापाशीं आम्ही सारे एकाच भाकरीचे वांटेकरी होतों. मग तेथून उठून घरीं आल्यावर पाण्याचा तांब्या कोणाच्या हातचा, असें विचारणें हें त्या मेजास खोटें ठरविणें होय. हें पाऊल किती जड असतें, ह्याचें उदाहरण आपल्या मराठी वाङ्मयांतच आहे. कवि नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्यें मुंबईस झाला. ते प्रॉटेस्टंट मंडळीचे. परंतु त्यांची कथा साऱ्या ख्रिस्ती लोकांना बोध देणारी आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्या वेळीं त्यांच्याबरोबर गेल्या नाहींत. कित्येक वर्षें दोघांची ताटातूट झाली. पुढें त्या पतीकडे परत आल्या तरी सोंवळें, निराळें पाणी, निराळा स्वयंपाक हें चालूच होतें. टिळकांनीं त्यांच्यावर बळ केलें नाहीं. मग एके दिवशीं एकट्याच विचार करीत असतां त्यांना उमगलें कीं, जातीच्या ह्या भिंती देवानें घातलेल्या नाहींत, माणसांनीं घातल्या आहेत. आणि त्या दिवसापासून त्यांनीं कोणाच्याही हातचें खाण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्यें झाला. ‘स्मृतिचित्रें’ ह्या आपल्या आत्मकथेंत त्यांनीं हें सारें मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. येथें पाहा: पाण्याच्या तांब्याचें पाऊल आधीं पडलें, बाप्तिस्म्याचें मागून.

परंतु ही गोष्ट केवळ नव्या लोकांना सांगावयाची नाहीं. जुन्या ख्रिस्ती घराण्यांनींच ती आधीं ऐकावी. गोव्यांतील दिवाडी बेटावर, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबांत जन्मलेले मातेउश दि कास्त्रु ह्यांना धर्मगुरु व्हावयाचें होतें. गोव्यांतील वरिष्ठांनीं त्यांची वाट मोकळी केली नाहीं. म्हणून ते दूर रोमला गेले आणि तेथें त्यांना गुरुदीक्षा मिळाली. ज्यास गोव्यांत धर्मगुरु होतां आलें नाहीं, त्यासच रोमनें १६३७ मध्यें महागुरु केलें आणि विजापूरच्या आदिलशाही मुलुखाचा धर्मकारभार सोंपविला. हा शिराळ्याचा प्रांतही तेव्हां त्याच आदिलशाहींत होता. म्हणजे ह्या भूमीसाठीं नेमलेला पहिला महागुरु हा एका देशी, नवख्रिस्ती घराण्याचा मुलगा होता! ‘हे नवे, ह्यांना काय कळतें,’ असें म्हणण्यापूर्वीं आम्हीं हा इतिहास आठवावा. आजही आमच्या मंडळींत सोयरीक जमवितांना मूळची जात विचारली जाते, आणि कांहीं ठिकाणीं दफनभूमींतही ती दिसते. ज्या ख्रिस्तसभेंत मेल्यावरही जात सुटत नाहीं, तिच्या दाराशीं आलेली बाई ‘कुठं बसायचं’ असें विचारील, तर त्यांत नवल तें काय?

पांचवें पाऊल शेजाऱ्याच्या दारांत पडतें. आणि शिराळ्यासारख्या गांवीं तेंच सर्वांत नाजूक आहे. श्रावण शुद्ध पंचमी आली म्हणजे हें बत्तीस शिराळा साऱ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढें येतें. येथें जिवंत नागांच्या पूजेची परंपरा चालत आली; १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढील काळांतील न्यायालयाचे आदेश ह्यांमुळें तिच्यावर बंधनें आलीं, तरी गांवाचा जीव त्या सणांत आहे. समर्थ रामदासांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक मारुतीही ह्याच गांवीं आहे. अशा गांवांत जो ख्रिस्ती होतो, त्यास त्याचे नातलग पहिला प्रश्न हाच विचारतात, “मग पंचमीला काय करणार?”

ह्या प्रश्नास आम्ही तीन उत्तरें देतों. पहिलें असें कीं, आराधना एका देवाचीच. पूजेंत भाग घेणें, नवस बोलणें, देवापुढें नारळ ठेवणें हें ख्रिस्ती मनुष्यानें सोडावें. तेथें तडजोड नाहीं. दुसरें असें कीं, जें प्रेमाचें आहे तें सोडूं नये. पंचमीच्या आदल्या दिवशीं बहिणी भावासाठीं उपवास करितात. ती माया ख्रिस्तास नको आहे काय? त्या दिवशीं त्या बहिणीनें आपल्या भावासाठीं देवापाशीं प्रार्थना करावी, म्हणजे ती मायाही राहील आणि श्रद्धाही. माहेरीं आलेल्या मुलींबरोबर झोका घ्यावा, झिम्मा खेळावा. त्यांत पाप नाहीं. शेजारणीनें पुरणाचीं दिंडें आणून दिलीं तर तीं आभार मानून घ्यावीं आणि नाताळांत आपल्या घरचा फराळ तिच्याकडे पोंचवावा. करिंथ येथील नवख्रिस्ती लोकांना हीच अडचण पडली होती. संत पौलानें त्यांना सांगितलें, त्याचा सारांश असा: अन्नानें मनुष्य देवाच्या जवळ किंवा दूर जात नाहीं; मात्र हें अन्न अर्पणाचें आहे असें कोणी बजावून दिलें, किंवा तुमच्या खाण्यानें एखाद्या दुबळ्या भावाच्या श्रद्धेस ठेंच लागत असली, तर त्याच्यासाठीं तुम्ही तें खाऊं नका. तिसरें उत्तर असें कीं, दुसऱ्याच्या पूजेची थट्टा कदापि करूं नये. जो काल हात जोडीत होता आणि आज हंसतो, त्याची श्रद्धा वाढलेली नाहीं. गर्व मात्र वाढला आहे.

रोमच्या धर्मप्रसार मंडळानें १६५९ मध्येंच आपल्या प्रतिनिधींस बजाविलें होतें कीं, लोकांच्या ज्या चालीरीति धर्म आणि सदाचार ह्यांच्या उघड विरुद्ध नाहींत, त्या बदलावयास लावूं नयेत. युरोपांतील देश उचलून आशियांत नेऊन ठेवणें हें आपलें काम नव्हे. म्हणून लुगडें, कुंकू, मंगळसूत्र, मुलांचीं नांवें, ह्यांविषयीं नव्या बहिणींना धाक घालणाऱ्यांनीं जरा थांबावें. अंतःकरण बदलावयाचें आहे, पोशाख नव्हे.

सहावें पाऊल म्हणजे पडल्यावर उठणें. पाऊस पडला कीं तण उगवणारच. बाप्तिस्मा होऊन वर्ष लोटलें नाहीं तोंच जुनें व्यसन परत येतें, भावाशीं बांधावरून भांडण होतें, आणि लेंकरूं तापानें फणफणलें म्हणजे मध्यरात्रीं कोणी देवऋष्याकडे धांवतो. मग त्यास वाटतें, आपण देवळांत तोंड दाखवावयाच्या लायकीचे राहिलों नाहीं. आणि तो येणेंच बंद करितो. बंधूनो, प्रेषितांत मुख्य असलेल्या संत पेत्रानें एका रात्रींत तीन वेळां प्रभूस नाकारिलें, तरी प्रभूनें आपलीं मेंढरें त्याच्याच हातीं दिलीं. पडणें ही लाजेची गोष्ट असेल. परंतु पडून राहणें ही त्याहून मोठी हानि आहे. प्रायश्चित्त संस्कार ही आमची भांगलण आहे. जो शेतकरी एकदांच भांगलण करून थांबतो, त्याच्या शेतांत काय उरतें, तें तुम्हीच जाणतां.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगतों. देवऋष्याकडे जाऊं नका, असें आम्ही म्हणतों तेव्हां नुसत्या प्रार्थनेवर राहा, असा त्याचा अर्थ नाहीं. ह्या डोंगराळ भागांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें ह्यांचें भय असतें. सर्पदंश झाला तर क्षणही न दवडतां दवाखाना गांठावा. त्या विषावरची लस तेथेंच मिळते. वाटेनें प्रार्थना करावी, परंतु वाट दवाखान्याचीच धरावी. वैद्यास देवानेंच निर्माण केलें, असें बेन सीराच्या बोधग्रंथांत सांगितलें आहे. औषध टाकणें म्हणजे श्रद्धा नव्हे.

आतां शेवटीं आम्ही जुन्या ख्रिस्ती घराण्यांकडे वळतों, कारण सातवें पाऊल नवख्रिस्ती मनुष्याचें नाहीं, तुमचें आणि आमचें आहे. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेज येथील देओग्रातियस नांवाच्या डीकननें संत आगस्तीन ह्यांना कळविलें कीं, नव्या लोकांना शिकवितांना माझें बोलणें मलाच नीरस वाटतें. त्यास उत्तर म्हणून आगस्तीन ह्यांनीं एक लहानसा ग्रंथ लिहिला. शिकविणाऱ्यानें प्रीतीनें व आनंदानें शिकवावें, हें त्यांतील मुख्य सूत्र. परंतु त्याबरोबरच, ऐकणारा उभा राहून थकला असेल तर त्यास बसावयास जागा द्यावी, असेंही त्या थोर पंडितानें आवर्जून लिहिलें आहे. सोळाशें वर्षांपूर्वीं ज्या गोष्टीचें उत्तर देऊन ठेविलेलें होतें, ती गोष्ट त्या बाईस आम्हांला विचारावी लागली!

म्हणून आमची विनंती अशी आहे. ज्यांनीं धर्मपिता किंवा धर्ममाता म्हणून उभें राहण्याचें पत्करिलें, त्यांचें काम बाप्तिस्म्याच्या दिवशीं मेणबत्ती धरून संपत नाहीं. महिन्यांतून एकदां तरी त्या घरीं जावें. रविवारीं त्यांना आपल्या शेजारीं बसवावें. नाताळांत आणि ईस्टरला एक पान त्यांच्यासाठीं वाढावें. त्यांच्या घरीं मरण आलें, आणि भाऊबंदांनीं पाठ फिरविली, तर तुम्ही खांदा द्यावयास पुढें व्हावें. बाप्तिस्म्यापूर्वींच एखादा दीक्षार्थी वारला तरी त्याच्या अंत्यविधीच्या बाबतींत ख्रिस्तसभा त्यास आपलाच मानते. मग तुम्हीं त्यास परका कां मानावें?

त्या बाईस त्या दिवशीं आम्हीं काय उत्तर दिलें, असें कोणी विचारील. आम्हांस कांहींच सुचलें नाहीं. इतक्यांत दुसऱ्या बांकावरून एक म्हातारी आजी उठल्या. त्यांनीं तिचा हात धरिला, आणि आपली पिशवी उचलून बाजूस ठेवीत एवढेंच म्हणाल्या, “ये गं, इथं बस माझ्यापाशी.” धर्मशास्त्राचें आमचें शिक्षण त्या क्षणीं आम्हांस थोडें वाटलें. ती बाई पुढें नियमानें येऊं लागली. पुढच्या वर्षीं ती आपल्या जावेस घेऊन आली, आणि जावेस कोठें बसावें असें विचारावें लागलें नाहीं.

प्रिय बंधुभगिनींनो, आम्ही सारेच कोणत्या तरी पिढींत नवे होतों. आमच्याही कोणा पूर्वजानें प्रथमच भीत भीत क्रूसाची खूण केली असेल, आणि कोणी तरी त्यास जागा दिली असेल. ह्या ज्युबिलीच्या वर्षीं ती जागा आम्ही दुसऱ्यास देऊं या. ज्या देवानें कोरड्या धुळींत पडलेल्या बियास आजवर कधीं विसरलें नाहीं, तो तुमचीं पहिलीं पावलें सांभाळो, पवित्र मरिया माता तुम्हांस हातीं धरून चालवो, आणि आमच्या बांकांवर सदैव एक जागा मोकळी राहो.

आमेन.